तुरटीचा खडा आणि चार शास्त्रज्ञ

जुलै उजाडला की आपल्या गावात नळाला चहा येतो, असं माझे सासरे म्हणायचे. रंग अगदी तस्साच. कृष्णेला नवं पाणी आलं, की पुढचे पंधरा-वीस दिवस घरोघरी एकच काम. हंडे-कळश्या भरायच्या, तुरटी फिरवायची आणि झाकून ठेवायच्या. तासाभरानं झाकण काढावं, तर वर निवळशंख पाणी आणि तळाला बोटभर गाळ!

तुरटी फिरवण्याचंही एक तंत्र असतं. माझ्या सासूबाई सांगायच्या, "आधी भराभरा फिरव, मग सावकाश. आणि नंतर हंड्याला हात लावू नकोस. हलवलंस की बसलेलं परत उठतं." त्यांना हे त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. 'स्थितिक विद्युत' हा धडा दरवर्षी फळ्यावर घेते. दोन सजातीय विद्युतभार एकमेकांना दूर ढकलतात, विजातीय जवळ ओढतात, हे मुलांकडून घोकून घेते. पण हाच धडा रोज आपल्या ओट्याखालच्या हंड्यात घडतोय, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आलं ते एका पावसाळ्यात, आणि तेही चांगल्या निमित्तानं नाही.

त्या वर्षी पाऊस धरूनच होता. सिलिंडर संपत आलेला, नंबर लावून चार-पाच दिवस झालेले, गाडी काही येईना. मी विचार केला, पाणी तुरटीनं इतकं छान निवळतंय, दोन दिवस उकळलं नाही तर काय होतंय? गॅस तेवढाच वाचेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंना उलट्या-जुलाब सुरू झाले. रात्री अकराला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी उकळून प्यायला होतात ना?"

"तुरटी फिरवली होती डॉक्टर. अगदी स्वच्छ होतं पाणी."

"स्वच्छ दिसत होतं, मॅडम. तुरटीनं गाळ बसतो. जंतू मरत नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावातल्या निम्म्या पोरांना सायन्स शिकवणारी मी! रात्रभर सासूबाईंच्या उशाशी बसून होते. समोर सलाईनची बाटली. थेंब थेंब मोजताना नजर सारखी तिच्यावरच्या अक्षरांकडे जायची. 'सोडियम क्लोराईड ०.९ टक्के.' म्हणजे मिठाचं पाणीच की! एक क्षार गाळ बसवतो, दुसरा क्षार माणूस उभा करतो. हे क्षार पाण्यात जाऊन नेमकं करतात तरी काय?

सासूबाई तीन दिवसांत घरी आल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, परसात चूल होती की." ते मात्र अजून टोचतं. त्या टोचणीपायीच मी वाचायला बसले. जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगते.

गाळ आपला आपण का बसत नाही?

खडा पाण्यात टाकला तर बुडतो. वाळूही मिनिटभरात तळाला जाते. मग माती का तरंगत राहते?

पहिलं कारण तिचा बारीकपणा. मिलिमीटरचा हजारावा भाग एवढा मातीचा कण स्थिर पाण्यात फूटभर खाली जायला साधारण चार दिवस घेतो. त्याच्याही दहाव्या भागाएवढा कण असेल, तर वर्ष लागेल! त्यात पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी सतत धक्के देत असतात. इतके बारीक कण एखाद्या द्रवात पसरून राहिले, की त्या मिश्रणाला 'कलिल' म्हणतात. दूध हे कलिल, शाई हे कलिल आणि पावसाळ्यातलं गढूळ पाणीही बऱ्याच अंशी कलिलच.

पण हे कण एकमेकांना चिकटून मोठे का होत नाहीत? मोठे झाले तर चटकन बसतील. इथं फिजिक्सचा धडा येतो. नदीच्या पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच. म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. हिवाळ्यात प्लॅस्टिकच्या कंगव्यानं केस विंचरले की केस कसे एकमेकांपासून फटकून उभे राहतात, तसंच. हंड्यातला गाळ तरंगतो तो या फटकून राहण्यामुळे.

मिठाचा पडदा

पाण्यात मीठ टाकलं की ते विरघळतं, म्हणजे त्याचे दोन प्रकारचे भारित कण सुटे होतात. धन भाराचा सोडियम आणि ऋण भाराचा क्लोराईड. यांना आयन म्हणतात. आता मातीचा कण ऋण आहे म्हटल्यावर धन आयन त्याच्याभोवती घोळका करणारच. लग्नात नवरीभोवती करवल्या जमतात आणि मागच्या रांगेतल्याला नवरी दिसतच नाही, तसा कणाचा भार त्या घोळक्याआड झाकला जातो. फ्रान्सचे गूई यांनी १९१० मध्ये आणि इंग्लंडचे चॅपमन यांनी १९१३ मध्ये या घोळक्याचं गणित मांडलं.

आयन पाण्यात कसे वागतात, या प्रश्नावर एका भारतीयानं जगाचं लक्ष वेधलं होतं. ते ज्ञानचंद्र घोष. १९१८ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, कोलकात्यातून त्यांनी सिद्धांत मांडला, की द्रावणातही आयन स्फटिकासारखे ठरावीक मांडणीत असतात. पुढे झुरिकमध्ये पीटर डेबाय आणि एरिक ह्यूकेल यांनी १९२३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात घोषांच्या मांडणीची दखल घेऊन ती दुरुस्त केली. आयन जागेवर बसून राहत नाहीत, ते उष्णतेनं सतत हलत असतात आणि प्रत्येकाभोवती विरुद्ध भाराचा एक ढग असतो, असं त्यांनी दाखवलं. घोष पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले आणि खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालकही.

डेबाय-ह्यूकेल यांच्या गणितातून एक अंतर निघतं. विद्युतभाराचा प्रभाव कुठवर पोहोचतो, ते अंतर. अगदी शुद्ध पाण्यात ते सुमारे एक हजार नॅनोमीटर असतं. सलाईनइतक्या खारट पाण्यात ते एका नॅनोमीटरहूनही कमी होतं. नॅनोमीटर म्हणजे किती? आपल्या डोक्याचा एक केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो! म्हणजे चमचाभर मीठ पडलं, की कणांची एकमेकांना दूर ठेवण्याची ताकद हजार पटींनी आखूड होते.

दोन देश, उत्तर एकच

पण नुसतं दूर ढकलणं थांबून भागत नाही. कण चिकटायला ओढही हवी. ही ओढ सगळ्याच पदार्थांमध्ये असते. फारच क्षीण, आणि अगदी जवळ गेल्यावरच जाणवणारी. तिला व्हॅन डर वाल्स यांचं नाव आहे.

आता चित्र असं. दोन कणांच्या मध्ये एक घाट आहे. घाटापलीकडे गाव आहे, तिथं पोहोचलं की मुक्काम कायमचा. पण घाट उंच आहे, म्हणून कण अलीकडूनच माघारी फिरतात. पाण्यात क्षार पडले की घाट बुटका होतो. मग कण सहज पलीकडे जातात आणि एकमेकांना चिकटतात.

हा घाट नेमका किती उंच, याचा हिशेब ज्यांनी मांडला, ते हे चार शास्त्रज्ञ. मॉस्कोत बोरिस डेर्यागिन आणि लेव लांडाऊ. लांडाऊ हे मोठे भौतिकशास्त्रज्ञ. स्टालिनच्या काळात १९३८ मध्ये त्यांना अटक झाली, वर्षभर तुरुंगात काढावं लागलं. प्योत्र कापित्सा या ज्येष्ठ शास्त्रज्ञानं शब्द टाकला, म्हणून ते सुटले. सुटकेनंतर दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, डेर्यागिन आणि त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जर्मनीनं रशियावर हल्ला केला.

तिकडे हॉलंड आधीच जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं. आइंडहोवेनच्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत एव्हर्ट फर्वे आणि थिओडोर ओव्हरबेक हे दोघं याच कोड्याशी झुंजत होते. युद्धामुळे रशियातले निबंध त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. त्यांनी स्वतंत्रपणे तेच उत्तर काढलं आणि १९४८ मध्ये पुस्तक छापलं. डेर्यागिन यांनी हरकत घेतली, 'हे आम्ही आधीच केलंय!' आणि ते खरंही होतं. शेवटी चौघांचा मान राखला गेला. चौघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन आज जग या सिद्धांताला 'डीएलव्हीओ' म्हणतं.

तुरटीच का, मीठ का नाही?

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. मिठानंही गाळ बसतो. पण इतकं मीठ घालावं लागेल, की ते पाणी पिण्याच्या लायकीचं राहणार नाही.

१८८२ मध्ये हान्स शुल्झे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या आयनावर एक भार असतो तो भरपूर लागतो, दोन भारांचा कमी आणि तीन भारांचा अगदीच थोडा. पुढे इंग्लंडचे विल्यम हार्डी यांनी १९०० मध्ये त्याला दुजोरा दिला. पण असं का, ते चार शास्त्रज्ञांच्या हिशेबातून उलगडलं. कणांवरचा भार भरपूर असेल, तर भाराच्या सहाव्या घातानं फरक पडतो. म्हणजे दोन भारांच्या आयनाचं काम चौसष्टाव्या हिश्शात होतं आणि तीन भारांच्या आयनाचं सातशे एकोणतिसाव्या! मिठातल्या सोडियमवर एक भार असतो. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन.

हंड्यात याहून थोडं जास्तच घडतं. ॲल्युमिनियमची पाण्याशी क्रिया होऊन चिकट, जेलीसारखा पदार्थ तयार होतो. तो कापसाच्या पुंजक्यासारखा खाली उतरतो आणि उतरताना वाटेतला गाळ बरोबर घेऊन जातो. सासूबाईंचं 'आधी भराभरा, मग सावकाश' इथंच बसतं. भराभरा फिरवलं की तुरटी सगळीकडे पोहोचते. सावकाश फिरवलं की पुंजके एकमेकांना भेटतात आणि मोठे होतात, मोडत नाहीत. आमच्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात मी मुलांना घेऊन गेले होते. तिथं सहा काचेच्या भांड्यांत गढूळ पाणी घेऊन, प्रत्येकात तुरटीचं वेगळं प्रमाण टाकून, आधी जोरात आणि मग हळू ढवळतात. 'जार टेस्ट' म्हणतात त्याला. ज्या भांड्यात सर्वांत चांगलं निवळलं, ते त्या दिवसाचं प्रमाण. सासूबाईंचीच पद्धत, फक्त मोटरवर!

तुरटी जास्त झाली तर? पाणी तुरट लागतं हे आपल्याला ठाऊक आहेच. पण कधी कधी ऋण कणांवर धन भार चढून ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात आणि गाळ बसायचा राहतो. म्हणून 'थोडी आणखी फिरवू' हे नेहमीच बरोबर नसतं.

आपल्याकडे निवळीच्या बिया उगाळून पाणी स्वच्छ करायचीही जुनी रीत आहे. सुश्रुतसंहितेतही तिचा उल्लेख आहे. शेवग्याच्या बियांनीही पाणी निवळतं. त्यात धन भाराची प्रथिनं असतात, ती ऋण भाराच्या मातीला धरून ठेवतात.

प्रयोगशाळेतल्या दोघी

वाचता वाचता दोन बायका भेटल्या. त्यांना सोडून पुढे जाववत नाही.

एक इरिना अब्रिकोसोवा. ती क्षीण ओढ कागदावर होती, पण ती प्रत्यक्ष मोजणार कोण? मॉस्कोत डेर्यागिन यांच्याबरोबर १९५० च्या दशकात अब्रिकोसोवा यांनी ती मोजली. काचेसारखे दोन गुळगुळीत पृष्ठभाग, मध्ये केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी फट, आणि आपला आपण तोल सावरणारा खास तराजू. पुढच्या सिद्धांतांना या मोजमापाचा आधार मिळाला.

दुसऱ्या मार्जरी व्होल्ड. १९१३ चा जन्म, अमेरिकेत बर्कलीला तेविसाव्या वर्षी पीएच.डी. संसार, तीन मुलं, आणि नवऱ्याच्या बरोबरीनं कलिलांचं संशोधन. १९५३ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर त्या उट्रेख्टला गेल्या, जिथं ओव्हरबेक प्राध्यापक होते. पुढे त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार जडला. हातपाय साथ देईनात, तरी काम चालूच. १९६३ मध्ये त्यांनी संगणकावर कण एकेक करून चिकटवत पुंजका कसा वाढतो ते पाहिलं. तो गोळ्यासारखा घट्ट होत नाही, फांद्या फुटल्यासारखा विरळ आणि पसरट होतो! आपल्या हंड्यात उतरणारे ते कापसासारखे पुंजके आठवा. १९६७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीनं त्यांना गार्वन पदक दिलं.

हंड्यातून शेतात, शेतातून दुधात

माझ्या धाकट्या दिरांच्या मळ्यात एक तुकडा चोपण आहे. पाणी मुरत नाही, वर साचून राहतं, वाळलं की पांढरा थर. कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन अशी पुष्कळ जमीन गेली. भाऊजींना मी विचारलं, "जिप्सम का टाकता हो?" ते म्हणाले, "कृषी अधिकारी सांगतात म्हणून."

कारण हेच आहे. चोपण जमिनीत सोडियमचं राज्य असतं. एक भाराचा सोडियम मातीच्या कणांना एकत्र ठेवायला दुबळा पडतो. कण सुटे होतात आणि मातीची छिद्रं बुजवतात. जिप्सममधला कॅल्शियम दोन भारांचा. तो सोडियमला हुसकावतो, मातीचे कण पुन्हा गोळा होतात आणि पाणी मुरायला लागतं. अर्थात हुसकावलेला सोडियम वाहून जायला चर आणि निचरा हवाच. नाहीतर तो तिथंच राहतो.

दूधही असंच. दुधातल्या प्रथिनांच्या गोळ्यांवर ऋण भार असतो, शिवाय केसाळ झुलीसारखं एक आवरणही असतं. म्हणून दूध एकजीव राहतं. विरजणातल्या किंवा लिंबातल्या आंबटपणानं तो भार नाहीसा होतो आणि दूध धरतं किंवा फाटतं. एकाचं आपण दही म्हणून स्वागत करतो, दुसऱ्याचं पनीर करतो.

मग जंतूंचं काय?

आता त्या रात्रीच्या प्रश्नाकडे येते. जंतूंवरही बहुधा ऋण भारच असतो. म्हणून तुरटीच्या पुंजक्यांबरोबर त्यातले बरेचसे खाली बसतात. पण सगळे नाही. आणि बसलेले मेलेले नसतात, हंडा हलला की गाळाबरोबर तेही वर येतात. तुरटी कणांना एकत्र आणते, जिवाला मारत नाही. हे मला पंचविशीतच कळायला हवं होतं. निदान तुम्ही तरी लक्षात ठेवा:

* तुरटी भराभरा, मग सावकाश फिरवा. पाणी झाकून, न हलवता ठेवा.
* वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात घ्या, स्वच्छ फडक्यानं गाळा. तळचा गाळ त्यात येऊ देऊ नका.
* मग उकळा, चांगली खळखळून उकळी येऊ द्या. सिलिंडर नसेल तर चूल, शेगडी, काहीही.
* उकळणं शक्यच नसेल तर क्लोरीनचे थेंब किंवा गोळी, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं, म्हणून आधी निवळणं, मग क्लोरीन.
* जुलाब सुरू झाले तर जलसंजीवनी लगेच सुरू करा. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

आणि घरात शाळकरी मुलं असतील तर एका रविवारी हे करून बघा. काचेचे तीन ग्लास घ्या. तिन्हींत सारखंच गढूळ पाणी. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात चमचाभर मीठ, तिसऱ्यात चिमूटभर तुरटीची पूड. ढवळून खिडकीत ठेवा आणि कुठला आधी निवळतो ते मुलांना लिहून ठेवायला सांगा.

आमच्याकडे नातवंडांनी केलं, तेव्हा सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या. तुरटीचा ग्लास पहिला आला. नातीनं तो तोंडाला लावायच्या आत त्यांनी काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "आधी उकळ गं."